तवंदीच्या घाटातलं हँडल

गरम, गंजक्या पाण्याचा वास आला की माझं उजवं मनगट ठणकायला लागतं. पासष्टच्या लढाईच्या दिवसांत मी आणि दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, निपाणीची तंबाखू डिझेल ट्रकातून बेळगावला न्यायचो. एकदा तवंदीच्या घाटात इंजिन उकळलं. रेडिएटर काठोकाठ भरला, तरी परत उकळलं. "दाजी, आत हवा अडकलीया, वरचा पाईप ढिला करतो," म्हणत मी हात घातला, तर "मला शिकवतोस व्हय रं?" असं ओरडून त्यांनी गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या मनगटावर घातलं. हाड कडकन मोडलं. इंजिन पुन्हा उकळलं, तेव्हा मात्र त्यांनीच गुमान पाईप ढिला केला. फुसफुस करत हवा सुटली आणि काठोकाठ दिसणारं पाणी झरझर खाली गेलं, तेव्हा वरून आणखी ओतलं. दाजींनी हँडल माझ्या डाव्या हातात दिलं आणि स्वतःचं डावं मनगट मडगार्डवर ठेवलं. "हाण. न्हायतर तुझ्या आक्काला काय तोंड दाखवू?" मी जीव खाऊन हाणलं. मग त्यांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, मी एका हातानं गिअर टाकले, आणि तसेच घरी पोचलो. गाडी सुरू करताना हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं, असं आम्ही सांगितलं. "दोघांवरबी?" एवढंच आक्का म्हणाली. आता दाजी नाहीत, पण मी हाणलेल्या त्या फटक्याचं मला आजही वाईट वाटत नाही.