हमीद सरांचा रविवारचा वर्ग

"बेटा, सर नाई राह्यले..." हमीद सरांच्या बायकोचा, आमच्या चाचींचा फोन आला तेव्हा मी शाळेत फळा पुसत होते. मग त्याच म्हणाल्या, "रविवारी पोरं येतीन. त्याईले काय सांगू?" मला रडू फुटलं, पण तो प्रश्न काही मनातून हलेना.

हमीद सर वडशाला घरच्या पडवीत दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवत. गाइडमधलं वाक्य त्यांना चालत नसे. मी कुणाला काय करताना पाहिलं, काय ऐकलं, हे इंग्रजीत कसं लिहायचं तो धडा आला की ते आम्हाला चक्क बाहेर पिटाळत. "पाहून या, आयकून या, मंग लिहा." कुणी राइस मिलकडे पळे, कुणी स्टेशनवर. मी नाटक कंपनीच्या तालमीला गेले आणि तिथल्या नटीवर 'आय हर्ड हर सिंग' लिहून आणलं. "पुरं गाणं आयकलं का?" कुठलं! मधूनच उठून आले होते. "मंग सिंगिंग लिही, अर्धंच आयकलं ना. सिंग पायजे असन तं जाऊन पुरं आयक." मी हट्टाला पेटले आणि गेले. गाणं संपेतो गावाकडची शेवटची बस निघून गेली होती. मुक्काम चाचींकडे पडला.

सकाळी बाबा आले ते लालबुंद होऊन. "पोरगी घरी नाई आली. आता शाळा बंद!" सर पुढे झाले. "चूक माही हाये, भाऊ. मले बोला. तिची शाळा काऊन बंद करता?" त्यानंतर परीक्षेपर्यंत दर रविवारी सर मला स्वतः बसमध्ये बसवून देत, शिकवणं अर्धवट टाकून. कंडक्टर चिडवायचा, "सर, तुमीबी चालता का?" बाबांचा राग बरेच दिवस गेला नाही, पण माझी शाळा टिकली. आज मी इंग्रजी शिकवते ती त्यामुळेच.

रविवारी मी वडशाला पोचले. पडवी भरलेली होती. "आता बंदच करते," चाची म्हणाल्या, "कोण शिकवन?"

"मी. दर रविवारी येईन."

एका मुलीने विचारलं, "म्याडम, आमी बाहेर जाऊ?"

"मग बसून काऊन राह्यले?"

क्षणात पडवी ओस पडली. चहा घेऊन आलेल्या चाची दचकल्या. "गेले का सारे?"

"येतीन, चाची."

चहा निवला तरी आम्ही दोघी रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो... मग कोपऱ्यावरून पहिली पोरगी धावत येताना दिसली.