पूर्ण नाव

मधल्या सुट्टीत दुसरीची मुलं वर्गातच गोल करून डबे खात होती. मी, त्यांची बाई, खिडकीशी चहा पीत उभी होते. शाळेत नवीनच आलेल्या आर्यनने डब्यातली गुळपोळी ईश्वरीपुढे धरली. तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"तुझं आडनाव काय?"

गुळपोळीचा आणि आडनावाचा संबंध या वयात ठाऊक असायचं काही कारण नाही. पण विचारताना तिचा आवाज जरा खाली आला, मान किंचित कलली. ती मान माझ्या ओळखीची होती. मागच्या पालकसभेत तिच्या आईने अशीच मान कलवून, अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "हिच्या शेजारी कोण बसतं हो बाई? पूर्ण नाव काय त्याचं?"

तेव्हापासून गोड बोलणाऱ्या पालकांची मला धास्तीच वाटते. घरी जेवताना ही माणसं काय बोलत असतील, असं सारखं मनात येतं. मुद्दाम कुणी काही शिकवत नसेलही. मुलं आपली ताटावर बसून ऐकत असतील, आणि सकाळी डब्याबरोबर तेही शाळेत येत असेल.

आर्यन लाजला असेल म्हणून मी जवळ गेले. त्याने गुळपोळी परत डब्यात ठेवली, झाकण लावलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "आई म्हणालीय, शाळेत नुसतं नाव सांगायचं."