पाठीमागची मूठ

माझ्या धाकट्या भावाला एका जागी बसवणं देवालाही जमलेलं नाही. टेनिस खेळतो, तेही डबल्स. आई त्याला ‘निम्मं टेनिस’ म्हणते. एकटा खेळला की तो कंटाळायचा, सोबत कुणीतरी लागायचंच. पुढे त्याचं लग्न मोडलं, गुडघा कामातून गेला, पण त्याच्या जोडीदाराबरोबरची, आम्ही ज्याला डावखुरा म्हणतो त्याच्याबरोबरची, जोडी टिकली. मी दोघांच्या रॅकेटना तारा ओढते. हॉटेलच्या खोलीत टेबलावर माझं यंत्र, दिव्यावर वाळत घातलेले मोजे आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत याच्या येरझाऱ्या.

“बस रे जरा. डोकं उठवलंस.”

“बसलो होतो की मघाशी.”

त्या दिवशी येरझाऱ्यांना कारण होतं. एका तरुण खेळाडूनं डावखुऱ्याला पुढच्या मोसमासाठी जोडीला बोलावलं होतं. “आजची मॅच होऊ दे, मग बघू,” एवढंच डावखुरा म्हणाला होता. पस्तिशी उलटलेल्या माझ्या भावाला नवा जोडीदार कुठून मिळणार?

डावखुरा सर्व्हिस करायच्या आधी नेटजवळ उभा असलेला भाऊ पाठीमागे हात नेऊन खूण करायचा. मिटलेली मूठ म्हणजे मी जागेवरच थांबतो. उघडा पंजा म्हणजे मी आडवा धावतो, माझी बाजू तू सांभाळ. एकदा दिलेली खूण मोडायची नाही, सगळा खेळ त्यावर उभा.

त्या दिवशी मॅचच्या शेवटी समोरच्यांचा मॅच पॉइंट आला. भावानं मूठ दाखवली. डावखुऱ्यानं सर्व्हिस केली आणि हा पठ्ठ्या सुटला आडवा. चेंडू नेमका त्यानं सोडलेल्या जागेतून गेला आणि मॅचही गेली.

“मूठ दाखवली होतीस,” बाकावर बसत डावखुरा म्हणाला.

“हो.”

“मग?”

“राहवलं नाही रे.”

डावखुरा चिडला नाही. भावाची रिकामी बाटली त्यानं भरून आणून दिली. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या रांगेत भाऊ पुढे होता, त्याच्या मागे डावखुरा आणि बाजूला बॅगांची गाडी धरून मी. भाऊ चक्क स्थिर उभा होता. मला नवल वाटलं. मग दिसलं, त्याचा हात पाठीमागे होता आणि मूठ घट्ट मिटलेली. डावखुऱ्यानं ती पाहिली. थोडा वेळ पाहतच राहिला. मग गाडीवरची आपली बॅग उचलून पलीकडच्या रांगेत, जोडीला बोलावणाऱ्या त्या तरुणाजवळ जाऊन उभा राहिला.

रांग पुढे सरकली. भाऊ जागचा हलेना. मागची माणसं कुरकुरायला लागली.

“ताई,” वळून न बघता तो हळूच म्हणाला, “बघितली का त्यानं?”

“बघितली,” मी म्हणाले. आणि गाडी ढकलत त्याच्या मागे, डावखुऱ्यानं सोडलेल्या जागेत जाऊन उभी राहिले.