पहिल्या रविवारचं ताट

आमच्या परळच्या चर्चमध्ये माझं फार नाव आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्यांचं प्रभुभोजन असतं, त्यामुळे त्या दिवशी मुलांचं संडे स्कूल घ्यायला कुणीच तयार होत नाही. तो त्याग मी सहा वर्षं केला. गेल्या नाताळात त्याबद्दल मला शाल मिळाली. पाळकसाहेब म्हणाले, "स्वतः उपाशी राहून लेकरांना भरवणारी माउली!" पुढच्या बाकावरच्या बायकांनी हुंदके दिले. मीही एक दिला. बरा जमला; चर्चच्या नाटकांत रडायची कामं मीच करत आलेय.

खरं तर मी पळत होते.

आमच्याकडे भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून फिरतं. रीत अशी, की आपण होऊन तुकडा उचलायचा नाही. शेजारच्याने ताट आपल्यापुढे धरायचं, "ख्रिस्ताने हे तुझ्यासाठी दिलं" असं म्हणायचं, मग घ्यायचं. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसते. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकायची माझी छाती नव्हती.

मी अठ्ठावीस वर्षांची असताना घोडपदेवहून मला बघायला मंडळी आली होती. आईची रेशमी साडी आणि नाटकाच्या आख्ख्या संचाला पुरेल इतकी पावडर, असा माझा थाट होता. पोहे घेऊन बहीण आली. मुलगा काहीतरी बोलला आणि ती खळखळून हसली. झालं! निघताना जिन्यात मुलाची आई आमच्या आईला म्हणाली, "थोरली छानच आहे हो. पण तो धाकटीबद्दल विचारतोय."

बहीण तीन दिवस नाहीच म्हणत होती. "ताईचं आधी होऊ दे." तिला मीच समजावलं. काय ते माझं मोठं मन! डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वेडी आहेस का? माझ्यासाठी थांबू नकोस." चौथ्या दिवशी ती कबूल झाली आणि मी शिवडीला गेले, कारण पाकिटावर परळचा शिक्का नको होता. तिथल्या पेटीत एक निनावी पत्र टाकलं. दोनच वाक्यं. मुलीला फिट येतात. घरचे लपवतात. खाली 'हितचिंतक'.

स्थळ मोडलं. त्यांनी कारण कळवलं नाही. पुढे बहिणीने लग्नाचा विषयच काढू दिला नाही, आणि परक्या माणसांसमोर ती कधी हसली नाही. माझं मात्र दोन वर्षांत लग्न झालं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा हीच दारात येऊन उभी राहिली. "चल घरी. खाट खिडकीशी लावलीये. तुला उकडतं ना."

त्यानंतर मी पहिल्या रविवारांना मुलांमध्ये लपू लागले.

यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच एकजात सगळी पोरं गावाला गेली आणि संडे स्कूल बंद झालं. मी खोकून पाहिलं, डोकं धरून पाहिलं. बहीण म्हणाली, "पुरे गं. चल." बसले तिच्या शेजारी.

ताट निघण्याआधी पाळकसाहेब दोन मिनिटं शांतता ठेवतात. कुणाचा अपराध केला असेल तर आठवा, म्हणतात. आजवर स्टेजवर एकही वाक्य न विसरलेली मी! सगळं चर्च गप्प असताना माझ्या तोंडून निघालं, "ते पत्र मी टाकलं होतं."

"कुठलं?" ती कुजबुजली.

"घोडपदेवला. तुझ्या स्थळाला."

"काय लिहिलंस?"

"फिट येतात म्हणून."

"कुणाला?"

"तुला."

पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळल्या. बहीण समोर बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी फार हसले म्हणून."

मला उठून पळायचं होतं. पण एकीकडे ती आणि दुसरीकडे भिंत. तेवढ्यात ताट तिच्यापर्यंत आलं. तिने आपला तुकडा घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. ते ठरलेलं वाक्य काही तिच्या तोंडून येईना. मी मान खाली घालून म्हटलं, "पुढे दे. मला नको."

"घे."

"माझी लायकी नाही."

"हे लायकी बघून मिळतं असं कोण म्हणालं? ख्रिस्ताने दिलं. तुझ्यासाठी. घे आता, हात दुखतोय माझा."

मी घेतला. तोंडात तो चिमुकला तुकडा काही केल्या विरघळेना. रडायचे मला सतरा प्रकार येतात. त्यातला एकही कामाला आला नाही. नुसतं नाक वाहत होतं, आणि रुमाल तिच्या पर्समध्ये होता.

बाहेर पडल्यावर ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. मी धापा टाकत तिला गाठलं. "मला माफ केलंस ना?"

"नाही."

"मग ताट कशाला धरलंस?"

"ताट माझं आहे का? ज्याचं आहे त्याने तुला पदरात घेतलं. मी कोण अडवणार?" ती थांबली. "माझं माझ्याकडे राहू दे. मला घाई करू नकोस."

"मी काय करू, सांग. रोज भांडी घासते. तू म्हणशील ते..."

"नाटक नको, ताई."

देवाने मला पदरात घेतलं होतं, ते मला खरंच वाटत होतं. पहिल्यांदाच वाटत होतं, आणि त्या आनंदाचं काय करायचं ते कळत नव्हतं, कारण तो जिला सांगायचा ती पाठमोरी चालली होती. कोपऱ्यावर तिने बोंबील घेतले. "खाणार ना?" माझ्याकडे न बघता विचारलं. "हो," म्हटलं आणि पिशवी धरायला हात पुढे केला. तिने ती दिली नाही. मी रिकाम्या हातांनी तिच्या मागून चालत राहिले.