देठातला पालाश

सांगलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि पोटॅशियम ओळखणारा इलेक्ट्रोड स्वतःच्या हाताने बनवते. हे मी मान वर करूनच सांगते. पीव्हीसीची पूड द्रावकात विरघळवायची, त्यात एक तेलकट द्रव्य आणि पोटॅशियमला तेवढं पकडणाऱ्या रसायनाची चिमूट घालायची, काचेच्या कड्यात ओतायचं आणि झाकून ठेवायचं. द्रावक उडून गेला की सायीसारखा पातळ पापुद्रा उरतो. त्याची टिकली कापून नळीच्या तोंडाला चिकटवायची. मग नमुन्यात सोडियम, कॅल्शियमची कितीही गर्दी असो, हा पठ्ठ्या त्यांना फारशी दाद देत नाही. विभागातले लोक म्हणायचे, विकतचा आणा ना मॅडम. कशाला? हात मोडलेत का माझे?

धाकट्या भावाची कुंडलजवळ द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात मीच त्याला म्हटलं, देठ घेऊन ये, कॉलेजात सगळ्यांसमोर तपासून दाखवते. पानाचा देठ तपासला की वेलीच्या अंगात काय कमी आहे ते कळतं. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडला तर मणी फुगत नाही आणि गोडीही धरत नाही. तो मोटरसायकलवरून पिशवीभर देठ घेऊन आला. मी ते फडक्याने पुसले, खलबत्त्यात ठेचले, मोजून पाण्यात कालवले आणि इलेक्ट्रोड बुडवला. आकडा चांगला वर गेला.

"पालाश भरपूर आहे. आता चिमूटभरही देऊ नकोस."

"आगं आक्का, पर पानांच्या कडा पिवळ्या पडाय लागल्यात की."

"पानांचं मला सांगू नकोस. हा खोटं बोलत नाही."

"बरं. तू म्हणशील तसं," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

पंधरा-वीस दिवसांनी भावजयीचा फोन आला. "आक्का, कडा पार करपल्यात. हे कायबी बोलत न्हाईत, जेवतबी न्हाईत धड. तुमी एकदा येऊन बघा." मला रागच आला. माझ्या तपासणीवर शंका? निघण्याआधी इलेक्ट्रोड, पोटॅशियम किती ते आधीच ठाऊक असलेल्या तीन द्रावणांत बुडवून पाहिला. तिन्ही आकडे चोख. मग सगळं सामान पिशवीत भरून मी तणतणत कुंडलची गाडी धरली.

बागेत शिरले आणि पहिल्याच वेलीपाशी पिशवी खाली ठेवली. पानांच्या कडा इस्त्रीने जाळल्यासारख्या, मणी हरभऱ्याएवढेच. बागेतच देठ तोडले, ठेचले, मोजले. पालाश जेमतेम. पुन्हा मोजलं, तरी तेच.

"मागच्या खेपेला देठ तोडण्याआधी काही फवारलं होतंस?"

तो मान खाजवायला लागला. "आदल्या दिवशी वाईच पालाश मारला हुता. पानांवरनं."

"अरे, तपासणीच्या आदल्या दिवशी? कशासाठी?"

"सगळ्यांम्होरं तपासणार म्हणालीस. म्हटलं, आपली बाग नापास व्हाय नको. तुझी मान खाली जायाची उगं."

शाळेत फोटो काढायच्या दिवशी आई आम्हा दोघांच्या तोंडाला पावडर फासायची, तशी यानं बागेला पावडर लावली होती. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. तो फवारा देठांवर वाळून बसला होता आणि मी देठ न धुताच ठेचले होते. विद्यार्थ्यांना दरवर्षी ओरडून सांगते, नमुना आधी धुवा रे. इलेक्ट्रोडने जे होतं ते सांगितलं. चूक माझी होती. शिवाय पानांकडे बघ म्हणणाऱ्या माणसाला मी गप्प केलं होतं.

"चुकले रे मी," मी म्हटलं. आयुष्यात फार वेळा हे तोंडातून निघालेलं नाही. "जा, पालाश घेऊन ये कुठून तरी. आजच ठिबकातून सोडू. होईल तेवढं होईल."

"आणायचा कशाला? हाय की."

शेडच्या मागच्या बाजूला पालाशची पोती थप्पी लावून ठेवलेली होती. हंगामाच्या सुरुवातीलाच आणलेली. फवारणीपुरतं एकाचं तोंड उघडं, बाकी सगळी शिवलेली.

"अरे, एवढा घरात असताना, बाग डोळ्यांदेखत करपताना तू हात लावला नाहीस?"

त्याला प्रश्नच कळेना.

"तू नको म्हणाली हुतीस न्हवं," तो म्हणाला.