शंकाबाईंनी बाजूला ठेवलेली फाईल

कचेरीत त्यांना सगळे शंकाबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सरकारी मदतनीस द्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या टेबलावर त्यांची सव्वीस वर्षं गेली. शंका आली की फाईल डाव्या खणात टाकायची, जिने चढून माणूस डोळ्यांनी पाहून यायचं, मगच सही. तोवर ती फाईल हलवायची साहेबांचीही टाप नव्हती.

मग यंत्र आलं. निकाल यंत्र देणार, पण प्रत्येक निकाल जबाबदार माणसाने तपासायचा, असा नियम मोठ्या कौतुकाने झाला. जबाबदार माणूस म्हणजे शंकाबाई. दिवसाला दोनशे निकाल! तपासते कसली, नंदीबैलासारखी मान हलवते, असं त्या बहिणीपाशी चडफडत.

अशात एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याचा निकाल आला. वर्षभरात दवाखान्याची एकही फेरी नाही, म्हणजे प्रकृती ठणठणीत; मदतनीस बंद. बाईंचं डोकंच फिरलं. ज्याला जिना उतरता येत नाही, तो दवाखान्यात जाणार कसा? संध्याकाळी त्या धापा टाकत वर गेल्या. शिंप्याला कूस बदलायलाही लेक लागत होती, आणि मदतनीस गेला की लेकीची नोकरी सुटणार होती.

"काळजी करू नकोस," बाई तिला म्हणाल्या, "फाईल माझ्याकडे आहे."

हरकत घ्यायची तर डॉक्टरांचा कागद हवा. स्वतः जाऊन पाहिलं, याला यंत्रात रकानाच नव्हता. डॉक्टरांना यायला तीन दिवस लागणार होते, म्हणून बाईंनी निकाल बाजूला ठेवला. सव्वीस वर्षांची सवय.

चौथ्या दिवशी त्या कागद घेऊन आल्या, तर निकाल केव्हाच रवाना झालेला. तीन दिवसांत हरकत नाही, म्हणजे संमती. परिपत्रकात होतं की बाई, साहेब म्हणाले; आता शिंप्याला अपील करू दे, सहा महिन्यांत होईल काहीतरी. वर महिन्याचा अहवालही दाखवला: माणूस आणि यंत्र, शंभर टक्के एकमत. तो टराटरा फाडावा असं बाईंना वाटलं.

दुपारी शिंप्याची लेक खिडकीशी आली. तिच्या पत्रात लिहिलं होतं, 'जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः तपासले', आणि खाली बाईंचं नाव. ती भांडली नाही.

"बाई, तुम्ही तर वर येऊन बघून गेला होतात ना?"

डॉक्टरांचा कागद अजून बाईंच्या हातातच होता.