जेसलमेरच्या हिशेबानं लागण

माझ्या मामीला कुठल्याही गावाचं नाव सांगितलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पाणी कुठलं?" गाव केवढं, देऊळ कुणाचं, माणसं कशी, हे सगळं नंतर. माझ्यासाठी साताऱ्याचं स्थळ आलं तेव्हा घरातले सगळे मुलाचा पगार विचारत होते आणि मामी नळाची चौकशी करत होती. कासच्या तलावाचं पाणी येतं असं कळल्यावर तिनं तिथल्या तिथं होकार देऊन टाकला. मुलाचा फोटो तिनं त्यानंतर बघितला. माझा संसार बरा चाललाय, याचं श्रेय ती शेवटपर्यंत कासच्या तलावालाच देत होती.

गेल्या पावसाळ्यात मामी गेली. कुंडलच्या शिवारात तिच्याइतका ऊस समजणारी बाई नव्हती, असं तिला शेवटचं बघायला आलेले लोक म्हणत होते. ते खरंच होतं. मामा फौजेत होता, त्यामुळं लग्नापासून रान तिनंच सांभाळलं. लागण कधी करायची, पाण्याची पाळी कशी धरायची, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटणारा खोडवा ठेवायचा की मोडायचा, सगळं तीच ठरवायची. मामा पेन्शनीवर घरी आला तरी रानात तो पाहुणाच राहिला. बांधावर उभा राहून "आता काय करायचं?" असं विचारायचा, आणि मामी त्याच्या हातात खुरपं द्यायची.

तिला कुणी भोचक म्हटलं की मला राग यायचा. भोचक माणसाला दुसऱ्याचं उणं हवं असतं. मामीला नुसतं कळून घ्यायचं असायचं. बांगड्या विकायला आलेल्या बाईला ती काच कशी वितळवतात ते विचारायची, आणि दाढ काढणाऱ्या डॉक्टरला, तोंडात त्याचे हात असताना, काढलेल्या दाढा पुढं कुठं जातात ते. उत्तर पटलं तर "व्हय का" म्हणायची. नाही पटलं तर गप्प बसायची, आणि मग समोरच्यानं ओळखायचं की प्रश्न अजून संपलेला नाही.

या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न जुनाट होता. मामाची नोकरी बरीच वर्षं जेसलमेरच्या पलीकडं, वाळवंटातल्या ठाण्यांवर झाली. सुट्टीवर आला की तो आम्हा भाचरांना गोळा करून त्या शहराच्या गोष्टी सांगायचा. टेकडीवर पिवळ्या दगडाचा किल्ला, संध्याकाळी तो हळद लावलेल्या नवऱ्या मुलासारखा दिसतो. किल्ल्यात अजून माणसं राहतात, चुली पेटतात, वाळवणं पडतात. हवेल्यांच्या जाळ्या दगडाच्या, पण बघणाऱ्याला वाटावं सुताराचं काम आहे. आम्ही आ वासून ऐकायचो. भाकरी थापता थापता मामी मध्येच विचारायची, तिथल्या बायका पाणी कुठून आणतात? मामा म्हणायचा, आणतात कुठनं तरी. यावर मामी गप्प बसायची.

मामा घरी आला, पोरांची लग्नं झाली, आणि एका थंडीत मामीनं जाहीर केलं की तिला जेसलमेर बघायचंय. हौस म्हणून ती कधी तालुक्याच्या पलीकडं गेली नव्हती. देवाला गेली असेल तेवढीच. मामानं तोंड वाकडं केलं. "वाळू हाय निस्ती. मी बघितलंय सगळं, आता परत काय बघायचं?" मामी म्हणाली, तुम्ही बघितलंय, मी कुठं बघितलंय? मग तिनं मला साताऱ्याला फोन लावला. फोनवर तिकिटं काढता येणारी घरात मी एकटी, त्यामुळं मला सहलीची व्यवस्थापक नेमण्यात आलं. मीही बरोबर यायचं होतं. हे मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

दर दोन दिवसांनी फोन यायचा आणि प्रत्येक फोनला नवा प्रश्न असायचा. वाळूत घराचा पाया कसा धरतो? गुरं काय खातात? सरणाला लाकूड कुठलं? मी शोधून शोधून सांगायची. एकदा तिनं विचारलं, पाणी नाही तिथं माणसांनी शहर बांधलंच कशाला? मी वाचून सांगितलं की उंटांचे तांडे माल घेऊन त्या वाटेनं जायचे, मुक्कामाला थांबायचे, त्यातून पेठ उभी राहिली, आणि पाण्यासाठी राजानं मोठा तलाव बांधला. "म्हंजी आधी बाजार आन् मग पाणी," ती म्हणाली. हे तिला नवीनच होतं. दोन दिवस ती येईल त्याला ते सांगत होती.

कार्यक्रम ठरला. पहिल्या दिवशी किल्ला, दुसऱ्या दिवशी हवेल्या आणि तलाव, तिसऱ्या दिवशी उंटावर बसून वाळूच्या टेकड्या. इथं मामा अडला. वाळूत आपण पाऊल टाकणार नाही, जन्माची टाकून झालीत. मामीनं लगेच माघार घेतली आणि वाळू रद्द केली. वाळवंटात जाऊन वाळू वगळणारी सहल मी तरी दुसरी ऐकलेली नाही. मात्र फराळाच्या बाबतीत ती हटेना. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि वर गुळाची अख्खी ढेप. ढेप कशाला म्हटलं तर तिचं म्हणणं, वाळवंटातलं माणूस आपल्याला पाणी देणार, आणि आपण नुसतं पिऊन उठायचं होय?

निघायच्या आदल्या दिवशी तोड आली.

आमच्याकडं तोड आली म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. साखर कारखान्याची ऊस तोडणारी टोळी फडात उतरली की लग्नघरातला माणूससुद्धा कोयता बघायला रानात जातो. तोड कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं, आणि गेलेली पाळी परत कधी येईल ते त्यालाही विचारायची सोय नसते. उसाला तुरे आले होते, म्हणजे वजन घटायला लागलं होतं, आता थांबून चालणार नव्हतं. भरलेल्या पिशव्या सोप्यात तशाच राहिल्या. मामीच्या दशम्या टोळीतल्या माणसांनी खाल्ल्या. त्यांना वाढता वाढता मामी त्यांच्या गावाकडच्या विहिरींची चौकशी करत होती. मी तिकिटं रद्द केली. मामा त्या दिवशी फार हौसेनं गुरांसाठी उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होता.

खरी अडचण मला तेव्हा उमगली. वाळवंटात जायचं ते थंडीत, आणि कारखान्याचं धुराडंही पेटतं थंडीतच. आमच्या भागातल्या माणसानं जेसलमेर बघूच नये अशीच ही रचना होती. मी मामीला म्हटलं, आता जाऊ दे. ती म्हणाली, "वैशे, माझी पोरं झाली तवा ह्ये तिथं. सासरं गेलं तवा ह्ये तिथं. त्या गावानं माझा माणूस वापरला, आन् मी त्येचं तोंडबी बघितलं न्हाई. मला एकडाव डोळ्यानं बघूनशान येऊं दे, हाय काय तिथं येवढं."

त्यानंतर मी तिला कधी जाऊ दे म्हटलं नाही. तोपर्यंत मला ती चौकसपणाची सहल वाटत होती. मामीला त्या शहराला जाब विचारायचा होता.

मग तिनं जे केलं ते आमच्या गावात अजून सांगतात. तुटून गेलेल्या उसाचा खोडवा तिनं ठेवला नाही. चांगला फुटत असलेला खोडवा नांगरून टाकला, मध्ये भुईमूग घेतला आणि आषाढात आडसाली लागण केली. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, पण कारखाना पहिल्या पाळीत तोडतो तो तोच. म्हणजे पुढच्या वर्षी दिवाळीनंतर रान मोकळं, आणि संक्रांतीच्या आत माणसंही. मामा डोक्याला हात लावून बसला. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मामी लागणीची नोंद करायला गेली, तेव्हा तिथल्या साहेबानं सहज विचारलं, मावशी, खोडवा का मोडला? "जेसलमेरला जायाचंय," मामी म्हणाली.

दोन दिवसांच्या सहलीसाठी दीड वर्ष आधी ऊस लावणारी ही बाई. मी आजही कुठं जायचं ठरवताना तिकिटाला उशीर झाला म्हणून कुरकुरले, की मला ती आठवते आणि माझी मलाच लाज वाटते.

तोड वेळेवर आली. मामाची सबब संपली आणि आम्ही तिघं निघालो.

गाडीत मामा वेगळाच माणूस झाला. पुण्यापासून पुढं एकेक स्टेशन त्याला तोंडपाठ. कुठल्या फलाटावर चहा बरा, कुठं इंजिन बदलायचे, कुठं पहाटे थंडीनं दात वाजायचे, सगळं सांगत होता. एका ठिकाणी त्यानं गाडी थांबायच्या आधीच डबा घेऊन दाराशी जाऊन नळ कुठल्या बाजूला येईल ते दाखवलं, आणि नळ तिथंच होता. मामी कौतुकानं बघत होती. मला म्हणाली, शहरात तर आता आपल्याला विचारायलाच नको कुणाला.

सकाळी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी पोचलो. तो खरोखरच हळदीच्या रंगाचा होता. वाटाडे मागं लागले, मामीनं त्यांना हातानंच नको म्हटलं. मग पदर खोचून मामाला म्हणाली, तुम्ही पुढं व्हा, वाट तुम्हाला ठाऊक. मामा पुढं झाला. पहिल्या दरवाजातून आत गेला, चढ चढला, आणि दुसऱ्या वळणाशी थांबला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मला वाटलं दम लागला. तो भिंतीकडच्या दगडी ओट्यावर बसला आणि टोपी काढून हातात धरली.

"मला वाट ठावं न्हाई," तो म्हणाला. "मी कवा वर आलोच न्हाई. ट्रकमधनं जाता-येता दिसायचा लांबनं, तेवढाच."

मामीनं विचारलं, मग त्या गोष्टी? मामा म्हणाला, बरोबरचे जवान बघून यायचे. त्यांना तो खोदून खोदून विचारायचा आणि घरी येऊन तिला सांगायचा. ती रमायची म्हणून सांगायचा.

"आन् तुमाला यायला काय झालतं?"

"सुट्टी लागली की गाडी धरायची आसायची," मामा म्हणाला. "हितं फिरत बसलो आसतो, तर घरला एक दिस कमी भरला आसता."

मामी बराच वेळ त्या पिवळ्या भिंतीला हात लावून उभी होती. कितीतरी वर्षं धरलेला राग एकदम ठेवायचा कुठं, असं तिचं झालं असावं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उगाचच फोन काढून फोटो काढायला लागले.

"उठा," शेवटी ती म्हणाली. "तुमीबी न्हाई बघितलं, मीबी न्हाई. आता जोडीनं बघू."

मामा उठला. वाट तिघांतल्या कुणालाच माहीत नव्हती, म्हणून मग मामी पुढं झाली.